वाईट झेंडा

सार्जंट तिसऱ्यांदा पळाला, तो थेट टिडवेलबाईंच्या मागच्या अंगणात घुसला. शेगडीवरचे सगळे सॉसेज त्याने खाल्ले, पाहुण्यांच्या मधोमध बसून एक ढेकर दिली आणि आपल्या पायांनी घरी परत आला. दुसऱ्या दिवशी टिडवेलबाई केळ्याचा केक घेऊन डेलमर कोव्हॅकच्या दारात उभ्या. फॉक्स मेडोजमध्ये वाईट बातमी कधी रिकाम्या हाताने येत नाही.

फॉक्स मेडोज म्हणजे कोल्ह्यांचं कुरण. कोल्हे होते तेव्हा नाव नव्हतं, नाव आलं तेव्हा कोल्हे गेले आणि पाठोपाठ कुरणही गेलं. आता तिथे एकसारखी घरं, एकसारख्या टपालपेट्या आणि एका उंचीचं गवत. त्या सगळ्यावर सोसायटीच्या अध्यक्ष म्हणून कॉरिन टिडवेल.

"कुत्रा गोड आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या. "माझ्या नणंदेला तर फारच आवडला. पण डेलमर, चौथ्यांदा सुटला तर सोसायटीला सांगावं लागेल, कुत्रा इथून हलवा. नियम आहे. मला स्वतःला रात्री झोप नाही लागायची."

"मी कुंपण घालतो," डेलमर म्हणाला. "जाळीचं. जुन्या घरी होतंच की."

बाईंनी असं तोंड केलं, जसं काही तो पुढच्या अंगणात चड्ड्या वाळत घालणार म्हणाला. "दिसणारं कुंपण आपल्याकडे चालत नाही. मोकळेपणा हेच तर आपलं वैशिष्ट्य आहे."

"मग न दिसणारं कुठे मिळतं?" डेलमरने कुत्सितपणे विचारलं.

बाईंनी पर्समधून एक कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. "मिळतं ना!"

डेलमरचा सगळा जन्म ॲक्रनच्या टायरच्या कारखान्यात गेला. बायको आर्लीन गेली, तेव्हा मुलीने, जनीनने, जुनं दुमजली घर विकायला लावून त्याला इथे आणून ठेवलं. कारण काय, तर इथे जिने नाहीत. जिने नव्हते, तसंच दुसरंही काही नव्हतं. सार्जंट तेवढा होता. आर्लीनने तो कुत्र्यांच्या आश्रमातून उचलून आणला होता: लांब कानांचा, शिकारी रक्ताचा, नाक पुढे आणि अक्कल मागे. नाव भारदस्त, पण झाडू पडला तरी पलंगाखाली जाणारा. सकाळी डेलमरने डोळे उघडले की पलंगाच्या कडेला ते तोंड टेकलेलं असायचं. तेही गेलं, तर डोळे कशासाठी उघडायचे हे डेलमरला माहीत नव्हतं. आणि म्हाताऱ्या कुत्र्याला आश्रमात परत टाकलं तर तिथे काय होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

म्हणून त्याने कार्डावरच्या नंबरला फोन लावला.

कोडी नावाचा कुंपणवाला आला. पोरगा हसरा. त्याने अंगणाच्या कडेने वीतभर खोल चर काढून तार पुरली, गॅरेजच्या भिंतीवर एक डबा बसवला आणि सार्जच्या गळ्यात पट्टा बांधला. पट्ट्याला आतून दोन बोथट खिळे, कातडीला टेकणारे.

"तारेजवळ गेला की आधी टिंग वाजते," कोडी म्हणाला. "तरी पुढे गेला तर बारीकसा चिमटा बसतो."

"बारीकसा म्हणजे केवढा?"

"गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावल्यावर बसतो ना, तेवढा."

"मग गालिचाच घाला की."

कोडी हसला. हे विनोद त्याच्या सवयीचे असावेत. मग त्याने गाडीतून छोट्या पांढऱ्या झेंड्यांची मोळी काढली आणि तारेच्या रेषेवर ओळीने झेंडे खोचले.

"कुत्र्याला तार दिसत नाही, म्हणून हे. साखळीने धरून त्याला झेंड्यापाशी न्यायचं. टिंग वाजली की झेंडा गदागदा हलवायचा आणि ओरडायचं, 'वाईट झेंडा! वाईट!' आणि मागे ओढायचं. त्याला वाटलं पाहिजे की चावतो तो झेंडाच. पंधरवड्यात पक्का होतो. मग झेंडे काढून टाकायचे."

"मी ओरडायचं?"

"घरातल्या सगळ्यांनी ओरडलं तर उत्तम."

"सगळे म्हणजे मीच."

तर एप्रिलमध्ये पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, डेलमर झोपण्याच्या झग्यात अंगणात उभा राहून झेंड्यांना शिव्या घालत होता. समोरच्या घरात लोवेल बीचम राहायचा. हा गॅरेजचं दार वर करून, आत घडीची खुर्ची टाकून, हातात बिअर घेऊन रस्ता बघत बसायचा. निवृत्तीनंतर तोच त्याचा धंदा.

"अरे डेलमर!" तो तिथून ओरडायचा. "त्या झेंड्याने एवढं वाकडं तरी काय केलंय तुझं?"

"गप बस, लोवेल!"

"तुझ्या बायकोच्या माहेरचा आहे का?"

सार्ज शिकला. जरा उशिराच शिकला, कारण शिकारी कुत्र्याला वास आला की चिमटा आठवत नाही. म्हणून कोडीने दोनदा येऊन डब्यावरचा आकडा वाढवला. मग मात्र असा शिकला, की झेंडे काढल्यावरही रेषेपासून दोन हात अलीकडे थांबून आकाशाकडे तोंड करायचा. टिडवेलबाई गाडीतून जाताना अंगठा दाखवायच्या. कुंपण कुणाला दिसत नव्हतं आणि कुत्रा घरात होता. सोसायटी खूश.

फक्त कुंपण होतं ते सार्जपुरतं. बाकी जगाला त्याचा पत्ता नव्हता. बदकं यायची, हिरवळ घाण करून जायची. शेजारचा पूडल भरल्या पोटी यायचा, सार्जच्या ताटातलं खायचा आणि रेषेपलीकडे जाऊन बसायचा, की जणू म्हणतोय, ये ना, ये! सार्ज त्या सगळ्यांकडे घरजावयासारखा बघत राहायचा.

एकदा डेलमरने पट्टा धुवायला काढला आणि विसरून विजारीच्या खिशात ठेवला. कचऱ्याचा डबा ढकलत रस्त्यापर्यंत गेला. टिंग वाजली असणार, पण सत्तरीच्या कानांना टिंग कुठली ऐकू येते! पुढच्या क्षणी त्याच्या मांडीत कुणीतरी तापलेला दाभण खुपसला. डबा आडवा, डेलमर आडवा, कचऱ्यातली अंड्याची टरफलं उताणी.

"डेलमर!" समोरून लोवेल. "वाईट झेंडा!"

डेलमर हसला नाही. तो तिथेच बसून मांडी चोळत राहिला. गालिचा? कसला गालिचा! घरात जाऊन त्याने सार्जच्या मानेवरचे केस बाजूला करून पाहिले. दोन खिळ्यांच्या जागी दोन टक्कलं पडली होती, आणि त्यातलं एक ओलं होतं.

त्याने कोडीला फोन केला. "आकडा खाली आण."

"आणतो की," कोडी म्हणाला. "पण मग तो पळेल. तुमच्याकडे चौथी वेळ चालणार नाही म्हणालात ना?"

डेलमरने सार्जच्या मानेकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे." त्याने जखमेला मलम लावलं, आणि पट्टा जरा वरच्या बाजूला बांधला. तेव्हापासून त्याचा हात मानेकडे गेला की सार्ज मागे सरकायला लागला.

मेच्या शेवटी युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन आला. फॉक्स मेडोजमध्ये स्किप डनलीव्ही नावाचा घरांचा दलाल होता. त्याचा रिवाज असा, की स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरापुढे गवताच्या कडेने छोटे राष्ट्रध्वज ओळीने खोचायचे. प्रत्येकाच्या काठीला त्याचं कार्ड: 'देशाला वंदन. घर विकायचंय? स्किप आहे.' स्मृतिदिन ते स्वातंत्र्यदिन, मे ते जुलै, झेंडे तिथेच. फुकटातली देशभक्ती कोण उपटणार?

सकाळी डेलमरने दार उघडलं. सार्ज बाहेर पडला, आणि समोर बघतो तर घराच्या पुढे, शेजारी, समोर, रस्त्याच्या दोन्ही कडांना, नजर पोचेल तिथवर झेंडेच झेंडे. फडफडताहेत. तो पायरीवरच बसला आणि तिथेच त्याची लघवी झाली.

डेलमरने आपल्या घरापुढचे झेंडे काढून गॅरेजमध्ये ठेवले. संध्याकाळी स्किपच्या माणसाने नवे खोचले. डेलमरने ते काढले. सकाळी पुन्हा होते. तिसऱ्या खेपेला टिडवेलबाई आल्या, हातात दोडक्यासारख्या त्या झुकिनीचा केक.

"डेलमर, लोक म्हणतात तुम्ही झेंडे उपटता."

"कुत्रा घाबरतो हो त्यांना."

"आणि लोक असंही म्हणतात, की एप्रिलमध्ये तुम्ही रोज अंगणात उभे राहून 'वाईट झेंडा' म्हणून ओरडत होतात."

"ते पांढरे होते!"

"प्रश्न रंगाचा नाही, भावनेचा आहे."

"बाई, तुम्हीच कार्ड दिलंत! तुमच्याच माणसाने शिकवलं ओरडायला!"

"मी कुंपणाचं कार्ड दिलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "झेंड्याविरुद्ध मी काही दिलेलं नाही. मेअखेर ते जुलै, पाच-सहा आठवडे. कुत्र्याला समजावा."

डेलमरने कुत्र्याला समजावलं. झेंड्याच्या अलीकडे मांडी घालून बसायचा, हातात सॉसेजचा तुकडा. झेंड्यावरून मायेने हात फिरवायचा. "चांगला झेंडा. बघ सार्ज, चांगला झेंडा. शहाणा झेंडा." सार्जच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या, घशातून रडं यायचं, पण पाऊल पुढे पडत नसे.

"पक्षांतर केलंस वाटतं," समोरून लोवेल.

शेवटी सार्जने बाजूच्या भिंतीलगत खाटेएवढा तुकडा आपला म्हणून निवडला. सगळे विधी तिथे. डेलमर मनाशी म्हणाला, चला, आता दोन कुंपणं झाली, एक जमिनीत आणि एक जमिनीवर. आता हा चौथ्यांदा काही सुटत नाही.

स्वातंत्र्यदिनाला सकाळी मिरवणूक निघते. पोरांच्या सायकलींना झिरमिळ्या, म्हाताऱ्यांच्या गोल्फच्या गाड्यांना फुगे, मागे अग्निशमनचा लाल बंब, आणि सगळ्यांत पुढे उघड्या मोटारीत स्किप डनलीव्ही, अंकल सॅमच्या, म्हणजे अमेरिकेच्या पोस्टरवरच्या त्या म्हाताऱ्याच्या सोंगात: उंच टोपी, कापसाची दाढी, झेंड्याच्या कापडाची विजार. मुलांकडे गोळ्या उधळत आणि मोठ्यांकडे कार्डं.

डेलमर पायरीवर बसला होता. सार्ज त्याच्या पायाशी, साखळीशिवाय. साखळी कशाला? समोर झेंड्यांची भिंत होती. मिरवणूक घरासमोर आली आणि मागच्या गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बंबाच्या चालकाला वाटलं हीच वेळ. त्यानेही भोंगा दाबला.

सार्ज उडाला. मागून आवाज, म्हणून पुढे. टिंग झाली असेल, चिमटाही बसला असेल, कारण रेषेवर तो हवेतच कळवळला. पण भीतीच्या धावेत चिमटा मागे राहतो. झेंडे आडवे करून तो रस्त्याच्या मधोमध, गटाराच्या लोखंडी झाकणावर जाऊन थांबला. त्या अख्ख्या रस्त्यावर झेंडा नसलेली तेवढी एकच जागा होती. या कडेला झेंडे, त्या कडेला झेंडे, पुढे अंकल सॅम, मागे बंब. बसला आणि थरथरायला लागला.

मिरवणूक थांबली.

"डेलमर!" टिडवेलबाई गोल्फच्या गाडीतून उठल्या. "ही चौथी वेळ!"

"कळतंय बाई, मोजता येतं मला!"

डेलमर रस्त्यावर धावला. "ये बेटा, ये." सार्ज यायला निघाला आणि त्याच्या मानेकडे डेलमरचा हात जाताच मागे सरकून बंबाखाली शिरला. त्या हाताला आता मलमाचा वास नव्हता, पण सार्जला पट्ट्याची आठवण होती. डेलमरने हात मागे घेतला. आता एकच उपाय. गॅरेजमध्ये धावत जाऊन त्याने डब्याची वायर भिंतीतून उपसली. डब्यावरचा हिरवा दिवा नारिंगी झाला. झालं, मेलं एकदाचं कुंपण, असं त्याला वाटलं.

आता फक्त झेंडे. बाहेर येऊन तो आपल्या घरापुढचे झेंडे भराभरा उपटायला लागला. कुत्र्याला दार दिसलं पाहिजे, घर दिसलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात.

गर्दीतून हाय निघाली.

"अहो, हा काय करतोय!"

"आजच्या दिवशी!"

"दार करतोय मी!" डेलमर ओरडला. "कुत्र्यासाठी दार!"

कुणी ऐकेना. चौकड्याच्या चड्डीतला एक गृहस्थ पुढे झाला आणि उपटलेले झेंडे उचलून परत खोचायला लागला. त्याची बायको आली. सायकलवाली पोरंही आली, त्यांना वाटलं हा खेळच आहे. डेलमर एक उपटतोय, चौघे चार खोचताहेत. सगळे फोन वर, सगळे चित्रीकरण करताहेत. डेलमरचा अवतारही कसा, तर पायात सपाता, हातात देशाचे पाच झेंडे.

तेवढ्यात लोवेल खुर्चीतून उठून आला. रस्ता ओलांडताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं आजवर. "बाजूला व्हा," तो चौकड्याच्या चड्डीला म्हणाला. "मी सैन्यात होतो."

लोक आदराने मागे सरले.

"कुठे होता?" कुणीतरी विचारलं.

"फोर्ट नॉक्सला. टंकलेखक," लोवेल म्हणाला आणि खाली बसून झेंडे उपटायला लागला.

दोघांनी मिळून तीन-चार हात फट केली. सार्ज बंबाखालून सगळं बघत होता. पोटावर सरपटत तो बाहेर आला. एक पाऊल. थांबला. आणखी एक. डेलमर फटीच्या आत, गवतावर गुडघे टेकून, हात मागे बांधून बसला होता. हात दिसले तर तो यायचा नाही. "चांगला सार्ज," तो पुटपुटत होता. "सावकाश ये. घाई नाही आपल्याला."

सार्ज फटीच्या तोंडापर्यंत आला. नाक आत, शेपूट बाहेर. पट्ट्याची टिंग वाजली का, हे डेलमरला कळण्याचं कारण नव्हतं. सार्ज मात्र जागेवर खिळला.

"अरेरे, बिचारा!" मागून आवाज आला. स्किप मोटारीतून उतरला होता. स्किप वाईट माणूस नव्हता. त्याला कुत्रे आवडायचे, आणि एवढे फोन आपल्याकडे वळलेले असताना काहीतरी चांगलं करावं हेही त्याला आवडायचं. "मी आणतो याला! लोकहो, सार्जंटला घरी पोचवू या!"

"स्किप, नको!" डेलमर ओरडला. "त्याचा तो येतोय!"

स्किपने कुत्रा छातीशी उचलला. टाळ्या पडल्या. मोठ्या दिमाखात, टोपी सावरत, त्याने रेषेवर पाय ठेवला.

भिंतीतून वायर निघाली तरी कुंपण मेलं नव्हतं. पट्ट्याने झटका दिला तो सगळा, वाढवलेल्या आकड्याचा, पुन्हा ओल्या झालेल्या जखमेत. सार्जने किंकाळी फोडली आणि समोर जे होतं त्यात दात रोवले. समोर कापसाची दाढी होती, तिच्यामागे ओठ होता. स्किपने हात मध्ये घातला, मग हात होता. आणि स्किप रेषेवरच उभा. त्याला काय ठाऊक, पाऊलभर मागे गेलं तर सगळं थांबेल! तो रेषेवर उभा राहून ओरडत होता, पट्टा झटके देत होता, आणि देत होता तोवर सार्ज सोडत नव्हता. अखेर डेलमरने दोघांनाही ढकलून पाडलं.

कापसाची लाल दाढी गवतावर पडली होती. चौकड्याच्या चड्डीतल्या माणसाने ती न बघता तिच्याशेजारी एक झेंडा खोचला. हातात राहिला होता म्हणून.

स्किपला बघून रुग्णालयातून परतल्यावर डेलमरने कोडीला फोन केला. "वायर काढली होती मी!"

"मग आत बॅटरी चालू होते," कोडी म्हणाला. "नारिंगी दिवा म्हणजे बॅटरी. वादळात वीज गेली तरी कुंपण जात नाही, तीच तर आमची खासियत. पुस्तिकेत आहे ना." मग म्हणाला, "कुत्रा बरा आहे का?"

स्किपला टाके पडले आणि डाव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली. त्याने निरोप पाठवला, माझा राग नाही. पण विमा कंपनीला राग येत नाही, तिच्याकडे पद्धत असते. प्रकरण काउंटीच्या न्यायाधीशांपुढे गेलं. न्यायाधीश समजूतदार होते. त्यांनी सार्जला मारा म्हटलं नाही. ते म्हणाले, कुत्रा धोकादायक आहे, तेव्हा महिनाभरात त्याच्यासाठी पक्कं, उंच, कुलूप लागेल असं कुंपण घाला. तार-बीर नाही. लोकांना दिसेल असं कुंपण. नाही घातलं, तर काउंटीचं कुत्रेखातं येऊन कुत्रा घेऊन जाईल.

डेलमरला वाटलं, सुटलो! जाळीची गुंडाळी आणि खांब आणून त्याने गॅरेजपुढे ठेवले सुद्धा. मग सोसायटीची सभा भरली.

"दिसणारं कुंपण चालत नाही," टिडवेलबाई म्हणाल्या. डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "आज तुम्हाला दिलं, उद्या सगळे मागतील."

"न्यायाधीश म्हणतात दिसलं पाहिजे."

"न्यायाधीश इथे राहत नाहीत, डेलमर."

"हिरवा रंग देतो. वेल चढवतो."

"वेलासाठी मांडव लागतो. मांडवाला वेगळा नियम आहे." बाईंनी इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही असं का नाही करत, न दिसणारं पण जरा मजबूत असं काहीतरी..."

"न दिसणारंच होतं!" डेलमर इतक्या जोरात ओरडला, की मागच्या रांगेतलं कुणाचं तरी मूल रडायला लागलं.

मतदान झालं. डेलमरच्या बाजूने हात वर केला तो लोवेलने, आणि दोन्ही केले, म्हणून त्याचं मतही बाद झालं.

मग डेलमर गेला स्किपकडेच. "घर विक माझं. कुठेही चालेल, जाळी घालता आली की झालं."

स्किपने बांधलेला हात टेबलाखाली घेतला. ओठाच्या टाक्यांमुळे तो हळू बोलत होता. "विकतो. पण महिन्यात कुठलं व्हायला, डेलमर? आणि विकत घेणाऱ्याला सांगावं लागतं, इथे काय घडलं ते."

जनीनने रात्रंदिवस फोन केले. आश्रमांनी 'धोकादायक' शिक्क्याचा कुत्रा घ्यायला नकार दिला. तिच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नव्हता. "बाबा, मी घरमालकाच्या पाया पडले रे," ती रडत म्हणाली. "तो म्हणाला, कुत्रा लहान असता तर बघितलं असतं."

महिना भरला तसा कुत्रेखात्याचा प्रुइट नावाचा माणूस कुंपण बघायला आला. डेलमर त्याला आत घेऊन गेला. कपडे धुण्याच्या खोलीत, वाळवायच्या यंत्राला पाठ लावून सार्ज बसला होता. मिरवणुकीपासून त्याने भिंतीलगतचा तो खाटेएवढा तुकडाही सोडला होता. आधी पायरी सोडली, मग बैठकीची खोली. आता एवढीच जागा उरली होती. गळ्यात पट्टा नव्हता.

"हा या खोलीबाहेर येत नाही," डेलमर म्हणाला. "दार सताड उघडं आहे बघा. उचलून बाहेर नेलं तर धावत परत येतो. सांगा, याला कुंपण कशाला?"

प्रुइटने वाकून हात पुढे केला. सार्जने त्याच्या बोटांचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"खरंय तुमचं," प्रुइट म्हणाला. "पण कागदावर कुंपण लिहिलंय. आत बसणारा कुत्रा लिहिलेला नाही." तो उठला. "मी नेलं तर शेवटची सुई तिथे पिंजऱ्यात, अनोळखी लोकांत होईल. तुमचा डॉक्टर घरी येत असेल तर मी दोन दिवस आलोच नाही असं समजा. एवढंच मी करू शकतो."

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. तरुण होत्या, आवाज हळू. "बाहेर गवतावर नेऊ या का? उन्हात? पुष्कळ जणांना तसं आवडतं."

"याला नाही आवडायचं," डेलमर म्हणाला.

लोवेल दारात उभा होता, दोन्ही हातांत टोपी.

डॉक्टरीणबाई फरशीवर बसल्या आणि त्यांनी पेटी उघडली. वाळवायचं यंत्र थंड होतं. सार्ज त्याला आणखी चिकटून बसला, ऊब शोधत. डेलमरने ते पाहिलं. उठून त्याने बटण दाबलं. आत एकही कपडा नव्हता, रिकामंच ते घरघरायला लागलं.

"आवाजाने तुम्हाला अडचण होईल का?" त्याने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "गरम होऊ द्या जरा. आपण थांबू."

ते सगळे यंत्र गरम व्हायची वाट बघत थांबले.